वाचकांचे प्रश्न : मागे जाता येते, पण कुठवर?

कालप्रवासाच्या चित्रपटांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे एकाच चित्रपटाविषयी निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. तो चित्रपट म्हणजे रिचर्ड कर्टिस यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, २०१३ साली प्रदर्शित झालेला ‘अबाउट टाइम’. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. शेवटही सांगावा लागणार आहे, कारण निम्मे प्रश्न शेवटाविषयीच आहेत.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी राहणाऱ्या टिम लेक (डोनल ग्लीसन) या एकवीस वर्षांच्या मुलाला नववर्षाच्या दिवशी वडील (बिल नाय) बोलावून घेतात आणि आपल्या घराण्यातल्या पुरुषांना भूतकाळात जाता येते, असे शांतपणे सांगतात. अंधाऱ्या जागी जायचे, मुठी आवळायच्या आणि हवा तो क्षण मनात आणायचा, एवढीच त्याची रीत. भविष्यात जाता येत नाही आणि भूतकाळातही स्वतःच्या आयुष्याच्या हद्दीबाहेर जाता येत नाही. पुढे टिम वकिलीसाठी लंडनला जातो, मेरीच्या (रेचेल मॅकॲडम्स) प्रेमात पडतो, त्यांचे लग्न होते, मुले होतात आणि वडील कर्करोगाने जातात.

प्रश्न : या चित्रपटाची जाहिरात प्रेमकथा म्हणून झाली होती. परंतु नायक-नायिकेचे सूत लवकरच जुळते, लग्नही लागते आणि पुढे त्यांच्या प्रेमात अडथळा असा काही येतच नाही. मग उरलेला चित्रपट कशासाठी, असे पाहताना सारखे वाटत राहिले. हा पटकथेचा दोष समजावा काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोष समजू नये, असे माझे मत आहे. टिम आपल्या शक्तीचा पहिला उपयोग मुलगी मिळवण्यासाठी करतो. त्या शक्तीचे नेमके काय करायचे असते, हे कळेपर्यंतची त्याची वाटचाल हा चित्रपटाचा खरा विषय आहे आणि मेरीची प्रेमकथा हा त्या घराचा उंबरठा आहे. उन्हाळ्यात घरी राहायला आलेल्या शार्लटला (मार्गो रॉबी) तो शेवटच्या रात्री मनातले सांगतो, तेव्हा ती म्हणते की हे आधी सांगायला हवे होते. तो मागे जाऊन आधी सांगतो, तेव्हा तीच म्हणते की शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू या. वेळ बदलली तरी नकार तोच राहिला, कारण नकाराचा वेळेशी काही संबंधच नव्हता. ही गोष्ट इतक्या सुरुवातीला सांगून टाकल्यावर ‘मुलगी मिळेल की नाही’ या प्रश्नावर कर्टिस यांना उरलेला चित्रपट पेलता आला नसता, आणि त्यांना तो पेलायचाही नव्हता.

लग्नाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. वादळी वाऱ्यात मांडव कोसळतो, लाल पोशाखातली नवरी नखशिखांत भिजते, पाहुण्यांची दाणादाण उडते. आणि दिवस पुसून नव्याने मांडण्याची सोय हाताशी असूनही टिम त्या पावसाला हात लावत नाही, कारण मेरीला तो दिवस आहे तसाच हवा असतो. तो बदलतो ते फक्त भाषण. इंग्रजी लग्नांत वराच्या पाठराख्याने भाषण करण्याची रीत आहे. मित्रांची भाषणे इतकी बिनसतात की टिम पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाठराखा बदलत राहतो आणि अखेर वडिलांनाच उभे करतो. वडील चांगले बोलतात, पण त्यांचे स्वतःचे समाधान होत नाही. मग तेही मागे जातात आणि आपण आयुष्यात ज्या मोजक्या पुरुषांवर प्रेम केले त्यांत हा मुलगा आहे, एवढी भर त्याच भाषणात घालून येतात. मुलगा ही शक्ती प्रेम मिळवण्यासाठी वापरत आला आणि बाप मात्र ती प्रेम बोलून दाखवण्यासाठी वापरतो. तेथून पुढे चित्रपट बापाच्या बाजूने झुकतो आणि शेवटपर्यंत तिकडेच राहतो. आपल्या घरांतून वडिलांनी मुलाला चारचौघांत असे काही सांगण्याची पद्धत नाही, त्यामुळे मराठी प्रेक्षक हा प्रसंग पाहताना थोडा अवघडतो. पण त्याला तो हवाहवासाही वाटतो, हे आलेल्या पत्रांवरून दिसते.

प्रश्न : बहिणीचा हात धरून तिला भूतकाळात नेता येते आणि तिचा अपघातही टाळता येतो, मग वडिलांचा कर्करोग का टाळता येत नाही? लेखक आपल्या सोयीने नियम बदलतो, अशी माझी तक्रार आहे.
— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, पुणे

उत्तर : तक्रार अर्धी मान्य आहे. शक्ती फक्त पुरुषांना आहे असे सांगून झाल्यावर टिम आपली बहीण किट कॅट हिला सोबत नेतो, तेव्हा ते कसे जमले याचा खुलासा चित्रपट करत नाही. परंतु कर्करोगाच्या बाबतीत नियम बदललेला नाही. उलट त्या एका नियमावरच चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध उभा आहे.

किट कॅटचे एका माणसाशी असलेले संबंध तिला पोखरत असतात. टिमच्या मुलीच्या, पोझीच्या, वाढदिवशी त्या माणसाशी भांडून ती दारूच्या अमलाखाली गाडी चालवते आणि अपघात होतो. टिम तिला घेऊन मागे जातो आणि त्या माणसाची आणि तिची मुळातली ओळखच होऊ देत नाही. वर्तमानात परतल्यावर बहीण ठणठणीत असते. पण घरी जाऊन तो लेकीला पाहायला जातो, तर समोर एक अनोळखी मुलगा. गर्भधारणेच्या वेळी कोट्यवधी शुक्रजंतूंपैकी एकच कामी येतो, त्यामुळे त्याआधीच्या घटनांत क्षणाचाही फरक पडला तर दुसराच जीव जन्माला येणार, हे वडील त्याला मग समजावतात. तो मुलगाही टिमचाच आहे, त्याच्यात कसलेही वैगुण्य नाही, आणि तरीही तो पोझी नाही. टिम केलेले सगळे मोडतो, अपघात घडू देतो आणि मेरीसह बहिणीच्या खाटेशी बसून राहतो. तिचे आयुष्य रुळावर आणण्याचे काम तिलाच करावे लागते, आणि ती ते करते.

वडिलांच्या आजाराचे मूळ सिगारेटमध्ये आहे आणि ते व्यसन मुलांच्या जन्माआधीचे आहे. ते मोडायला मागे जायचे म्हणजे टिम आणि किट कॅट यांच्यावर पाणी सोडायचे. जो हिशेब टिमने पोझीसाठी केला, तोच वडिलांनी टिमसाठी करून ठेवलेला असतो, आणि त्याविषयी ते फार बोलतही नाहीत.

आपल्यासारख्या शिक्षकाच्या नजरेतून सुटू नयेत अशा आणखी दोन जागा दाखवतो. या तर्काने नवे मूल गर्भात राहिल्या क्षणी मागचे दार बंद व्हायला हवे, पण चित्रपट टिमला बाळाच्या जन्मापर्यंतची मुदत देतो. दुसरी जागा त्याहून मोठी आहे. शेवटच्या भेटीत बापलेक टिमच्या बालपणातल्या एका दिवशी जाऊन समुद्रकिनाऱ्यावर फिरतात. काहीही बदलायचे नाही, अशी काळजी घेतली की चालते, असे म्हणून कर्टिस त्यांना सोडून देतात. जेथे क्षणाच्या फरकाने मूल बदलते, तेथे एक अख्खी रपेट जशीच्या तशी दुसऱ्यांदा होणे अशक्य आहे. येथे नियम मोडला आहे हे उघड आहे. मला तो मोडलेला चालतो. आपल्याला चालू नये, हेही समजू शकतो.

प्रश्न : टिम मेरीला या शक्तीविषयी कधीच सांगत नाही. एका भेटीत तिच्या आवडीनिवडी ऐकायच्या आणि पुढच्या ‘पहिल्या’ भेटीत त्या आपल्याच म्हणून तिला ऐकवायच्या, पहिली रात्र मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा जगायची, याला प्रेम म्हणायचे की फसवणूक?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपण म्हणता तेवढेच नाही, आणखीही आहे. टिम आणि मेरी प्रथम भेटतात ते पूर्ण काळोखात जेवण वाढणाऱ्या एका उपाहारगृहात. लंडनमध्ये अशी जागा खरोखरच आहे आणि तेथे वाढणारे कर्मचारी अंध असतात. एकमेकांचे चेहरेही न पाहता दोघांचे जमते, बाहेर रस्त्यावर आल्यावर ती फोन नंबर देते. हा सगळा भाग फार सुंदर आहे आणि तेथे कोणाकडेही कसलीच जास्तीची माहिती नाही. पण त्याच रात्री टिमच्या घरमालकाच्या नाटकाचा पहिला प्रयोग नट वाक्ये विसरल्यामुळे कोसळलेला असतो. तो सावरायला टिम मागे जातो आणि त्या बदललेल्या रात्री मेरीशी भेट होतच नाही, त्यामुळे फोनमधला नंबरही नाहीसा होतो. पुढे केट मॉस या मॉडेलच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात तो तिला गाठतो, कारण तिची आवड त्याला आधीच ठाऊक असते. तोवर तिला दुसरा मित्र मिळाला आहे, असे कळल्यावर ती ओळख ज्या मेजवानीत झाली तेथे तो आधी जाऊन तिला घेऊन बाहेर पडतो. मेरीच्या लेखी हा योगायोग असतो आणि टिमच्या लेखी बेत.

याला फसवणूक म्हणायला माझी हरकत नाही. प्रेमात दोघेही अंधारात चाचपडत असतात, हीच त्यातली बरोबरी असते, आणि येथे एकाच्या हातात दिवा आहे. चित्रपटाला मात्र यात काही वावगे वाटत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. मॅकॲडम्स यांच्या अभिनयात एवढा जिवंतपणा नसता, तर मेरी हे निव्वळ बक्षीस होऊन बसले असते. लग्नानंतर टिम ही शक्ती मेरीवर जवळपास वापरत नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवावे लागेल.

पण माझ्या मते न सांगण्याची खरी किंमत पहिल्या रात्रीत नाही, ती तिसऱ्या मुलाच्या निर्णयात आहे. वडील गेल्यानंतरही टिम मागे जाऊन त्यांना भेटत असतो. मेरी तिसरे मूल हवे म्हणते, तेव्हा त्या मुलाच्या जन्मानंतर वडिलांची भेट कायमची संपणार, हे फक्त टिमला माहीत असते. तो होकार देतो. आपण नवऱ्याकडे नेमके काय मागितले हे मेरीला कधीच कळत नाही. कळते, तर ती थांबली असती, की त्याच्याशेजारी बसून त्या नऊ महिन्यांचे दुःख तिने वाटून घेतले असते? टिम तिला ती संधीच देत नाही. लोक याला त्याचा त्याग म्हणतात. मला त्यात एकटेपणा अधिक दिसतो आणि तो त्याने स्वतःहून ओढवून घेतलेला आहे.

प्रश्न : पुढच्या महिन्यात सुटी काढून कॉर्नवॉलला जाण्याचा बेत आहे. चित्रपटातले घर आणि किनारा पाहता येईल का?
— एक वाचक, स्लाव (इंग्लंड)

उत्तर : टिमचे घर म्हणून दिसणारी वास्तू म्हणजे सेंट ऑस्टेलजवळच्या पोर्थपीन गावातले ‘पोर्थपीन हाउस’. ते खासगी घर आहे, त्यामुळे परवानगी न विचारता फाटकाच्या आत जाऊ नये. किनाऱ्याची दृश्ये गोरन हेवनजवळच्या व्हॉल्ट बीचवर चित्रित झाली आहेत. तेथे जाता येते, पण बरेच चालावे लागते, तेव्हा पायांत नीट बूट असू द्यावेत. लंडनमध्ये परतल्यावर मेडा व्हेल या भुयारी रेल्वे स्थानकात एक चक्कर अवश्य मारावी. टिम आणि मेरीच्या सहजीवनाचे सुरुवातीचे दिवस त्या स्थानकातच, जिन्याशी गाणाऱ्या वादकांच्या एकाच गाण्यावर, कपडे आणि ऋतू बदलत सरकत जातात. संपूर्ण चित्रपटात काळ पुढे जाताना दाखवण्याची इतकी सुबक जागा दुसरी नाही, आणि तीत कालप्रवास अजिबात नाही.

प्रश्न : वडिलांना जाऊन दोन वर्षे झाली. त्या संध्याकाळी छातीत जळजळते म्हणाले, म्हणून मी ॲसिडिटीची गोळी दिली आणि सकाळी दवाखान्यात जाऊ म्हटले. पहाटे ते गेले. मित्राने आग्रहाने हा चित्रपट दाखवला, पण मला रडू येण्याऐवजी संताप आला. नायकाला वडील गेल्यावरही त्यांना जाऊन भेटता येते आणि मला ती एक संध्याकाळ परत मिळत नाही. त्यातून जो तो म्हणतो की आता स्वीकार कर. स्वीकार म्हणजे हात टेकणेच ना?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला संताप रास्त आहे आणि चित्रपटाची वकिली करून तो शमवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. टिमला मिळते ते कोणालाच मिळत नाही. वडील गेल्यानंतर तो मागे जातो, तेव्हा ते नेहमीच्या जागी पुस्तक वाचत बसलेले असतात आणि दोघे गप्पा मारतात. वडिलांनीही आपला आजार ठाऊक असल्याने वारंवार मागे जाऊन मुलांच्या सहवासातला काळ लांबवून घेतलेला असतो. इतका सावकाश निरोप पाहून ज्याला निरोपच घेता आला नाही, त्याच्या मनात कळ उठणारच.

आता त्या संध्याकाळविषयी. मन भूतकाळात दुरुस्ती कोठे करते, याविषयी डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचे १९८२ साली प्रसिद्ध झालेले काम आहे. एक माणूस नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने घरी जाताना, नशेत ट्रक चालवणाऱ्या एका मुलाच्या धडकेने मरण पावतो, अशी हकिगत त्यांनी लोकांना वाचायला दिली आणि ‘असे झाले असते तर’ हे वाक्य पूर्ण करायला सांगितले. सर्वाधिक लोकांनी ‘तो नेहमीच्या रस्त्याने गेला असता तर’ असे लिहिले. नशेत असलेला चालक तेथे होता, तरी मनाने रस्ताच पकडला. आपल्या मनानेही गोळीचा क्षण पकडून ठेवला आहे, कारण त्या संध्याकाळची तेवढीच गोष्ट आपल्या हातातली होती. हृदयविकाराचे दुखणे ॲसिडिटीसारखे भासणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे; अनुभवी माणसेही तेथे चकतात. पहाटेनंतर जे कळले त्या मापाने आपण संध्याकाळच्या स्वतःला मोजत आहात, आणि त्या मापाला कोणीही पुरे पडणार नाही.

‘स्वीकार कर’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या पाच टप्प्यांची कुठूनशी ऐकलेली यादी असते : नकार, संताप, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. त्यांचे ते पुस्तक १९६९ चे आहे आणि ते स्वतः मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांशी केलेल्या संभाषणांतून लिहिले गेले. मागे राहिलेल्यांनी दोन वर्षांत पाचवी इयत्ता पार करावी, असा त्याचा अर्थ नव्हता. उलट १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथापासून अभ्यासकांत हा विचार रुजला, की गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडणे हे शोकाचे ध्येय नव्हेच. ते नाते वेगळ्या रूपात चालू राहते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते निरोगीच असते. वडिलांच्या तिथीला त्यांच्या आवडीचा पदार्थ करणाऱ्या आपल्या घरांना हे कोणी ग्रंथातून सांगण्याची गरज पडू नये.

आणि आता हात टेकण्याविषयी. चित्रपटात टिमला कोणी हात टेकायला लावत नाही, त्याचे दार उघडेच असते. तिसऱ्या मुलाला होकार देऊन ते दार तो स्वतः लोटतो, तेही नऊ महिने आधी ठाऊक असताना. शेवटची भेट टेबल टेनिस खेळताना होते. बापलेकांच्या आयुष्यात त्या टेबलाला फार जागा आहे. वडिलांनी पन्नाशीत प्राध्यापकी सोडली, ती मुलाशी गप्पा मारायला आणि त्याच्याशी खेळायला मोकळे राहता यावे म्हणूनच जणू. त्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावरून वडिलांना कळते की ही अखेरची खेप आहे. मोठे संवाद होत नाहीत. मला ज्याला स्वीकार म्हणावेसे वाटते ते एवढेच आहे : येणाऱ्यासाठी जागा करायची म्हणून जाणाऱ्याला सोडायचे, आणि त्याची किंमत मोजताना ती किंमत नाहीच असे सोंग आणायचे नाही. त्यानंतर येणारे टिमचे निवेदन, की आता मी प्रत्येक दिवस मुद्दाम परत येऊन जगतो आहे असे समजून जगतो, मला जास्तीचे वाटते. रोजचा धकाधकीचा दिवस दुसऱ्यांदा जगताना दुकानातल्या विक्रेतीकडे पाहून हसणारा, कोर्टाच्या इमारतीचे छत मान वर करून न्याहाळणारा टिम पाहायला छान वाटतो, पण ज्याच्या घरात शोक आहे त्याला तो सल्ला म्हणून फारसा उपयोगाचा नाही.

आपल्यासमोर टिमसारखे दार नाही. पण त्या संध्याकाळीच मुक्काम ठोकून राहायचे की अधूनमधून तेथे जाऊन यायचे, एवढे मात्र आपल्या हातात आहे. वडिलांची आठवण निघाली की दर वेळी ती गोळीच आठवते का, की त्यांचे आणखीही काही आठवते, याकडे थोडे लक्ष द्यावे. फक्त गोळीच आठवत असेल, झोप लागत नसेल, कामात मन राहत नसेल, तर समुपदेशकाशी बोलणे लांबणीवर टाकू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : कर्टिस यांनी हा विषय आणखी कोठे हाताळला आहे काय? आणि रेचेल मॅकॲडम्स कालप्रवासाच्याच चित्रपटांत वारंवार का दिसतात?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दिग्दर्शक म्हणून हा कर्टिस यांचा तिसरा चित्रपट, आधीचे दोन २००३ आणि २००९ सालचे. पण या विषयाशी खरे नाते आहे ते त्यांनी ‘डॉक्टर हू’ या बीबीसी मालिकेसाठी २०१० साली लिहिलेल्या ‘व्हिन्सेंट अँड द डॉक्टर’ या भागाचे. त्यात चित्रकार व्हॅन गॉगला आजच्या पॅरिसमधल्या ओर्से संग्रहालयात आणतात आणि त्याची चित्रे पाहायला लोटलेली गर्दी दाखवतात. तेथे त्याची थोरवी सांगणारे तज्ज्ञ बिल नाय यांनीच रंगवले आहेत. व्हॅन गॉग सुखावून आपल्या काळात परततो, त्याला घेऊन आलेली ॲमी आता भिंतीवर कितीतरी नवी चित्रे दिसतील म्हणून धावत जाते, आणि चित्रे तेवढीच असतात. तो सदतिसाव्या वर्षीच गेलेला असतो. फक्त सूर्यफुलांच्या एका चित्रावर तिचे नाव उमटलेले असते. तीन वर्षांनंतरच्या चित्रपटातला विचार या पाऊण तासात आधीच आहे, आणि खरे सांगायचे तर अधिक आटोपशीर आहे.

मॅकॲडम्स यांचे म्हणाल तर २००९ आणि २०११ सालीही त्यांनी कालप्रवाशाच्या पत्नीची किंवा वाग्दत्त वधूची भूमिका केली होती. ‘अबाउट टाइम’ धरून तिन्ही ठिकाणी प्रवास पुरुषाच्याच वाट्याला आला आहे. कोल्हापूरच्या विद्यार्थिनीने याचीही नोंद घ्यावी.

प्रश्न : बाबा गेले त्याला अजून वर्ष व्हायचे आहे. आई उपशीर्षके वाचून इंग्रजी चित्रपट आवडीने पाहते. हा तिला दाखवावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिला अंधारात ठेवून दाखवू नये. यात वडील आजारी पडतात आणि जातात, त्यांचा अंत्यविधीही दाखवला आहे, हे आधी सांगावे आणि मग पाहायचे का, असे विचारावे. हलकीफुलकी प्रेमकथा आहे असे सांगून बसवले आणि उत्तरार्धात हे अंगावर आले, तर तिची बसल्या जागी कुचंबणा होईल. अंत्यविधीच्या वेळी वाजणारे निक केव्ह यांचे गाणे फार हळवे आहे, तेवढ्यापुरता आवाज थोडा कमी ठेवावा. भाषा काही ठिकाणी शिवराळ आहे आणि काही प्रसंग मोकळे आहेत. ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत पाहता येईल असे प्रमाणपत्र या चित्रपटाला मिळाले, तर अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नव्हता, यावरून आपल्या घराला काय चालेल याचा अंदाज घ्यावा. लांबी दोन तासांहून थोडी अधिक आहे. एका बैठकीत संपवण्याचा आग्रह नको. पहिल्या दिवशी लग्नाच्या प्रसंगापर्यंत पाहावा आणि पुढचा भाग पाहायचा की नाही, हे दुसऱ्या दिवशी तिचे तिला ठरवू द्यावे.